पाऊणकी

"उद्या तिथी कोणती गं?" आत्यानं विचारलं. मी फोन हातात घेईपर्यंत तिनं भिंतीवरचं कालनिर्णय बघितलंसुद्धा. "वद्य तृतीया. म्हणजे सव्वादोनला भरती, सव्वाआठला पाणी तळाला. सव्वासातला देवळामागून चढायला लागायचं."

श्रीवर्धनला आमच्या घरात हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेची वेळ अशीच ठरत आली आहे. आत्या मराठी शाळेत पाऊणकी शिकली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. तिच्या पिढीला हे पाढे रोज संध्याकाळी घोकावे लागत. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. पुढं या पाढ्यांचा फारसा उपयोग उरला नाही; पण समुद्रकाठच्या माणसाला पाऊणकी आयुष्यभर पुरते. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चंद्राला पुन्हा त्याच जागी यायला रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर होतो आणि भरती त्याच्या मागं मागं सरकते. पाऊणकीत तो उशीर पंचेचाळीस मिनिटांचा धरलेला आहे. थोडी तफावत पडते, पण होडी लोटायला, कालवं काढायला आणि देवाच्या डोंगराला वळसा घालायला हा हिशेब पुरेसा आहे.

मी राहते बोरिवलीला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात विहार आणि तुळशीचे तलाव, कान्हेरीची लेणी, बिबटे. हे भाग्य आहे असंच मी मानते, आणि रविवारची सकाळ तिथं घालवते. माझ्याबरोबर येणारी तरुण मंडळी वाटांची वर्गवारी करतात. सोपी, मध्यम, कठीण. जिथून निघालो तिथंच परत आणणाऱ्या वाटेला ती 'लूप ट्रेल' म्हणतात. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मनात आलं, आपल्याकडं याला फार जुना शब्द आहे. प्रदक्षिणा. त्या शब्दात गोल वाटेहून थोडं जास्त आहे. जे मध्ये आहे ते उजव्या हाताला ठेवायचं आणि त्याच्याभोवती चालायचं, असं तो शब्द सांगतो. मध्ये काहीतरी असावं लागतं, हे त्यात गृहीतच आहे.

त्या मुलांच्या भाषेत हरिहरेश्वरची प्रदक्षिणा 'मध्यम' ठरेल. रमतगमत दीड-दोन तासांची. पण ती दिवसातून दोनदा उघडते आणि दोनदा पाण्याखाली जाते. अशी वाट मला उद्यानात कुठंच भेटली नाही.

सकाळी सहाला आम्ही रिक्षानं निघालो. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर १८-२० किलोमीटर. पौष महिन्यातला गारवा होता. आत्यानं डोक्याला स्कार्फ बांधला होता आणि मांडीवर नारळाची पिशवी धरली होती. आत्या सत्त्याहत्तर वर्षांची आहे. रस्त्याच्या कडेच्या वाड्या उजाडत होत्या आणि ती प्रत्येक वाडीकडं वाकून बघत होती. कुणाची किती झाडं उभी आहेत, कुणी नवी लावली आहेत, कुणाची जागा अजून ओसाड आहे. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर इथल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनचा रोठा ही नावाजलेली सुपारी. पिढ्यान्‌पिढ्या या गावाचं घर त्या सुपारीवर चाललं. आत्याच्या वाडीत त्या संध्याकाळी सात पोफळी उभ्या होत्या. तिनं त्या फोनवर मोजून सांगितल्या होत्या, आवाज न हलवता. पुढच्या पावसाळ्यात तिनं रोपं लावायला घेतली. लावल्यापासून हाताला सुपारी यायला सहा-सात वर्षं लागतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"यंदा तीन झाडांना फुलोरा आलाय," रिक्षात ती म्हणाली. एवढंच.

हरिहरेश्वरच्या देवळात दर्शनाचा क्रम ठरलेला आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, आणि निघताना पुन्हा काळभैरव. ज्याच्यापासून सुरुवात त्याच्यापाशीच शेवट. म्हणजे दर्शनसुद्धा एक छोटी प्रदक्षिणाच. गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती अशी चार रूपं मानली जातात. हे पेशव्यांचं कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे, तिथली देशमुखी त्यांच्या घराण्याकडं. जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच वाढला आणि भट मंडळींना गाव सोडावं लागलं. सावित्रीच्या खाडीपलीकडं वेळासला भानू राहत. नाना फडणवीस त्याच घराण्यातले. भट आणि भानू मिळूनच घाट चढून देशावर गेले, असं इकडं सांगतात. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, १७२० मध्ये वारले, आणि १७२३ मध्ये थोरल्या बाजीरावानं या देवळाचा जीर्णोद्धार केला. शाळेत असताना या सनावळीत मला काही दिसत नसे. आता दिसतं. बाप जीव मुठीत धरून निघून गेला, आणि पुढं त्याचा मुलगा देवाच्या दारी दगड, चुना आणि गवंडी घेऊन आला. निघून गेलेल्या माणसाच्या वतीनं कुणीतरी परत आलं. आमच्या तालुक्यातून मुंबईला गेलेल्या हजारो घरांची हीच रीत आहे. शिमग्याला आणि गणपतीला एसटी भरून जे येतात, ते बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या वतीनं परत आलेले असतात.

देवळामागं पायऱ्या सुरू होतात तिथं आत्या थांबली. पहिल्या पायरीला हात लावून तिनं नमस्कार केला आणि म्हणाली, "तू जाऊन ये. माझी प्रदक्षिणा यंदापासून देवळातली."

मी काही बोलले नाही. गेल्या वर्षी उतरताना तिनं माझा खांदा किती घट्ट धरला होता ते मला आठवत होतं. मी दहा वर्षांची असताना याच पायऱ्यांवर तिनं माझा हात असाच धरला होता. तेव्हा ती सुटीत भाचरांची सगळी रांग घेऊन इथं येई. सगळ्यांत पुढं स्वतः, आणि मोठ्या भावाला सगळ्यांत मागं ठेवी.

"आणि तो गुंडा बघून ये," तिनं मागून हाक मारून सांगितलं.

डोंगर फार उंच नाही. पायऱ्या मात्र अंगावर येतात. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या आणि पायाखाली तांबडा जांभा. माथ्यावर पोचले की दम घ्यायला सगळेच थांबतात, आणि थांबण्यासारखंच तिथं आहे. एका अंगाला सावित्रीचं मुख. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी पोलादपूर-महाडवरून इथं येऊन समुद्राला मिळते. पलीकडं बाणकोटचा डोंगर. बागमांडला ते वेसवी जाणारी जंगलजेटी त्याच खाडीतून गाड्या पोचवते. आणि समोर, पश्चिमेला, पाण्यावर हातभर उंचीवर चंद्र होता. तृतीयेचा, उजव्या अंगानं किंचित झिजलेला, दिवसाच्या उजेडात ताकासारखा फिकट. आत्या लहानपणी सांगायची, आपल्याकडं चांद माथ्यावर तेव्हा भरती आणि चांद बुडायला टेकला की पाणी तळाला. शहरात राहून मी हे विसरले होते. तिथं मला ओहोटीची वेळ फोन सांगतो आणि चंद्र इमारतीच्या मागं असतो. इथं दोन्ही समोरासमोर होती. खाली पाणी मागं हटत होतं आणि वर त्याला मागं नेणारा मावळत होता.

माथ्यावरून वाट कड्यांच्या चिरेतून खाली उतरते. दोन्हीकडं उभा कातळ, मध्ये दगडी पायऱ्या, आणि चिरेच्या टोकाला उभी निळी पट्टी. वारा त्या चिरेत असा घुसतो की पदर सावरावा लागतो. पट्टी रुंद होत जाते, लाटांचा आवाज मोठा होत जातो, आणि शेवटची पायरी संपली की एकदम सगळं उघडं. उजव्या हाताला डोंगराचा कडा, डाव्या हाताला समुद्र, आणि दोघांच्या मध्ये काळ्या कातळाची लांबच लांब ओटी. इथून पुढं प्रदक्षिणा या ओटीवरून.

ही ओटी समुद्रानं केली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून थिजला, त्यातूनच आपल्याकडचा बहुतेक सह्याद्री आणि दख्खन घडला. त्याच काळ्या पाषाणाच्या पायथ्याशी लाटा आपटत राहिल्या. पायथा पोखरला की वरचा कडा ढासळतो. ढासळलेले दगड लाटा फोडतात, वाहून नेतात आणि पुन्हा पायथ्याला लागतात. असा डोंगर मागं मागं सरकत गेला आणि त्यानं सोडलेल्या जागी हा सपाट कातळ उरला. आपण चालतो ती डोंगराचीच जागा आहे. कधीकाळी इथं, आपल्या डोक्यावर, झाडं असतील.

मग जाळी दिसायला लागते. कड्याच्या भिंतीवर, सुट्या दगडांवर, जिथं तिथं. मधमाशांच्या पोळ्यासारखी, कुठं बोट जाईल एवढी, कुठं मूठ मावेल एवढी भोकं, आणि त्यांच्यामध्ये कागदाइतक्या पातळ भिंती. एवढ्या कठीण दगडाला ही नक्षी कुणी केली असेल असं वाटतं. उत्तर मिठात आहे. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हात पाणी उडून जातं, मिठाचे खडे मागं राहून फुगतात आणि दगडाचा कण सुटा करतात. उद्या पुन्हा तुषार, पुन्हा ऊन. आत्याच्या घरी लोणच्याची बरणी ज्या जुन्या दगडी कट्ट्यावर असायची, त्याचा पृष्ठभाग असाच खवल्याखवल्यानं सुटलेला मी पाहिला आहे. मीठ घाई करत नाही.

या ओटीवर मी पाय जपून टाकत होते. हिरवं शेवाळ टाळायचं, खडबडीत दगडावर पाऊल ठेवायचं, दगडाला चिकटलेल्या कालवांची धार ओळखायची. खळग्यांमध्ये मागं राहिलेलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. एका खळग्यात नखाएवढे मासे एकाच दिशेला तोंड करून उभे होते. माझी सावली पडली तसे सगळे एकदम वळले. एक खेकडा शिंपल्याआड गेला. या जिवांचं सगळं आयुष्य पाऊणकीवर चालतं. पाणी येईपर्यंत तग धरायचा, पाणी आलं की जगून घ्यायचं.

वाटेत तीर्थांची नावं येतात. गायत्रीतीर्थ, वक्रतीर्थ, सूर्यतीर्थ. श्राद्धकर्मासाठी लांबून लोक येतात, म्हणून याला दक्षिण काशी म्हणतात. एका ठिकाणी पंचा गुंडाळलेला एक तरुण भटजींबरोबर पाण्याकडं तोंड करून उभा होता. मी बाजूनं, आवाज न करता गेले.

आणि मग तो गुंडा.

कातळात एक गोल रांजणखळगा आहे, घागर बसेल एवढा. निघोजला कुकडी नदीत असे शेकडो आहेत आणि लोक ते बघायला लांबून येतात. तिथं ते नदीच्या पाण्यानं केले, इथं लाटेनं. दगडातल्या एखाद्या खोलगटीत गोटा अडकतो. लाट आत शिरते आणि गोल फिरते, तिच्याबरोबर गोटा फिरतो. खालचा कातळ घासला जातो, आणि गोटाही. हा खळगा आत्यानं आम्हाला दाखवला होता. तळाशी काळा गुळगुळीत गुंडा होता, नारळाएवढा. तिनं सगळ्यांना हात घालून तो फिरवायला लावला होता. "बघा, आपण वर्षातून एकदा प्रदक्षिणा घालतो. हा रोज घालतो," ती म्हणाली होती. आम्ही हसलो होतो.

मी गुडघ्यावर बसले आणि पाण्यात हात घातला. पाणी गार होतं. खळग्याची आतली भिंत लोटक्यासारखी गुळगुळीत लागली. तळाशी रेती, एक तुटका शिंपला, आणि गोटा. तो हातात घेतला. संत्र्यापेक्षा जरा मोठा भरला. हाच तो, की तो कधीच एखाद्या उधाणात बाहेर फेकला गेला आणि हा नंतर आला, ते दगडाला विचारता येत नाही. मी तो फिरवला. कातळावर कातळ घासल्याचा तो जाड, बुजलेला आवाज मात्र मला ओळखू आला. चाळीस वर्षांनी ओळखू आला. मग गोटा होता तिथं ठेवून मी उठले. इथून माणसं दगड उचलून नेतात, दिवाणखान्यात ठेवायला. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, ठेवा. त्याचं काम चालू आहे.

उठताना लक्षात आलं, माझी पाठ समुद्राकडं होती. हे इथं करायचं नाही. समुद्राकडं पाठ करून उभं राहू नये, ही या वाटेवरची पहिली शिकवण. एक मोठी लाट दहा शांत लाटांच्या मागून येते, आणि शेवाळावर पाय सुटला तर धरायला काही नाही. इथून माणसं वाहून गेलेली आहेत. धोक्याचे फलक लावलेले आहेत, गावकरी सांगतात, आणि तरीही भरतीच्या वेळी फोटोसाठी कडेला जाणारी मुलं दिसली की पोटात गोळा येतो. त्या मुलांची समुद्राशी ओळख नाही, एवढाच त्यांचा दोष. वाट नेहमी उघडीच असते अशी त्यांची कल्पना असते, कारण शहरात तशीच असते. त्यांना कुणीतरी पाऊणकी शिकवायला हवी. शाळेतल्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, राहण्याच्या प्रत्येक घरात आजची तिथी आणि भरतीची वेळ खडूनं लिहिलेली असावी, असं मला फार वाटतं.

पुढच्या एका वळणावर खाडीपलीकडचं वेळास आठवलं. तिथल्या वाळूत हिवाळ्यात रात्री ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी जपायला सुरुवात केली आणि पुढं रायगडच्या किनाऱ्यावरही हे काम पोचलं. ज्या किनाऱ्यावर जन्म झाला त्या भागात मादी मोठी होऊन अंडी घालायला परत येते. मधल्या वर्षांत ती किती समुद्र फिरलेली असेल! आणि ती वाळू जागेवर राहावी, तिथं भिंत, दिवे, गाड्या येऊ नयेत, म्हणून आपल्यासारखीच साधी माणसं किनाऱ्यावर जागत असतात. परत येणाऱ्याइतकंच महत्त्व वाट बघणाऱ्याला आहे, हे मला त्या वळणावर प्रथमच इतकं स्पष्ट जाणवलं. मी चाळीस वर्षं समजत होते की फेरी पुरी होते ती चालणाऱ्याच्या पायांनी.

परतीच्या टप्प्यात कातळ संपून वाळू लागते. चंद्र बुडाला होता. मागं वळून पाहिलं तर मी ज्यावरून आले त्या टोकाच्या दगडांभोवती पांढरी फेसाची कड यायला लागली होती. पाणी वळलं होतं. दुपारी सव्वादोन-अडीचला तो गोटा पुरुषभर पाण्याखाली फिरत असेल.

आत्या देवळाबाहेर किनाऱ्याकडच्या पायरीवर बसली होती. हातात नारळाची अर्धी वाटी. माझ्या ओल्या चपलांकडं बघून ती सरकली आणि तिनं मला जागा करून दिली.

"तुझी झाली?" मी विचारलं.

"अकरा घातल्या." मग खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवून, "गुंडा आहे?"

"आहे. लहान झालाय."

"होणारच. फिरतोय ना." ती हात टेकून उठली. "चल, काळभैरवाला सांगून निघू. दहाच्या आत वाडीत पाणी सोडायचंय."